संघाचा मालक कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज खेळाविषयी बोलायचं आहे, पण धावा आणि बळींविषयी नाही. एखादा संघ जिंकला की आपण खेळाडूंची नावं घेतो, प्रशिक्षकाचं कौतुक करतो. त्या संघावर पैसा कुणी लावला, कशासाठी लावला आणि हरण्याची किती वर्षं सोसायची त्याची तयारी होती, हे सहसा कुणी विचारत नाही. मुंबई-दिल्लीत हे विचारलं नाही तरी चालतं. तिथं एक मालक गेला तर दुसरा येतो. आपल्यासारख्या आडबाजूच्या मुलखात मात्र सगळं त्यावरच अडून असतं.

आपल्या विदर्भाचं क्रिकेट घ्या. १९५७-५८ पासून आपण रणजी करंडक खेळतोय. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. मोठे संघ आपल्याशी खेळायचे ते गुण वसूल करायला. आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा ९ गडी राखून पराभव करून आपण करंडक आणला. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून तो राखला. २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो, आणि २०२४-२५ मध्ये केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेऊन तिसऱ्यांदा जिंकलो.

हे झालं कसं? रणजी संघाला आयपीएलसारखा शेटजी मालक नसतो. मालकाच्या जागी असते ती राज्य संघटना. क्रिकेट मंडळाला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या पैशाचा वाटा या संघटनांना मिळतो. म्हणजे पैसा काही एकट्या विदर्भाकडे आला नव्हता. जामठ्याचं स्टेडियम २००८ मध्ये उभं राहिलं, पण स्टेडियमं इतरांनीही बांधली. फरक पडला तो नंतर. स्टेडियमवर न थांबता निवासी अकादमी काढली, वयोगटांच्या संघांना चांगले प्रशिक्षक दिले. चंद्रकांत पंडितांसारखा कडक गुरुजी मुंबईहून आणला. अशा खर्चाचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. म्हणूनच तो करणारे कमी.

वसीम जाफरची गोष्ट मला फार आवडते. २०१६-१७ मध्ये दुखापतीमुळे तो विदर्भाकडून एकही सामना खेळू शकला नाही. संघटनेनं तरी त्याचे ठरलेले पैसे पूर्ण दिले. पुढच्या मोसमात तो मानधन न घेता खेळला, आणि तो मोसम करंडकाचा ठरला. त्याच्याही पुढच्या मोसमात चाळिशी ओलांडलेल्या या माणसानं हजाराच्यावर धावा काढल्या.

आपल्या भागाचं म्हणाल तर इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं रणजीत पदार्पण केलं. अथर्व तायडे अकोल्याचाच. जितेश शर्मा अमरावतीचा. २०२५ मध्ये तो बडोद्याकडे गेला, हेही सांगायला हवं. आणि एक खंत आहे. पोरगा अमरावतीचा असो की अकोल्याचा, पुढं जायचं तर त्याला नागपूर गाठावंच लागतं. ज्यांच्या घरून ते परवडत नाही, त्यांची नावं आपल्याला कधी कळणारही नाहीत.

आता उलटं उदाहरण. पुण्यात २०१४ मध्ये फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटी हा संघ निघाला. बालेवाडीला पोरं झेंडे घेऊन जायची. २०१९ मध्ये मालक आर्थिक अडचणीत आले, संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. हैदराबादनं २०२१-२२ ची लीग जिंकलीसुद्धा. २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला गेला, नाव बदलून. झेंडे घेतलेल्या पोरांना कुणी विचारलं नाही, कारण कागदावर त्यांचं काहीच नव्हतं.

अमेरिकेत तर हा मोठा धंदा आहे. ओक्लाहोमा सिटी हे सुमारे सात लाख वस्तीचं शहर, म्हणजे आपल्या अमरावतीएवढं. तिथल्या काही उद्योजकांनी २००६ मध्ये सिएटल शहराचा बास्केटबॉल संघ विकत घेतला आणि नव्या क्रीडागृहावरून वाद झाल्यावर २००८ मध्ये तो सरळ आपल्या गावी नेला. सिएटलकरांचा हा संघ १९७९ चा विजेता होता. त्यांना अजून दुसरा मिळालेला नाही. पण याच मालकांनी नव्या गावात काय केलं पाहा. सॅम प्रेस्टी हा व्यवस्थापक २००७ पासून एकच ठेवला. २०२०-२१ मध्ये संघ ७२ पैकी ५० सामने हरला, पुढच्या वर्षी ८२ पैकी ५८. तरी व्यवस्थापक काढला नाही, तरुण खेळाडू घडवत राहिले. २०२४-२५ मध्ये ६८ सामने जिंकून संघ अजिंक्य झाला. एका गावाचा संघ पळवणारे आणि दुसऱ्या गावात धीर धरणारे मालक तेच, बरं का.

हे सगळं मी नांदगाव पेठेत बसून का सांगतोय? आमच्याकडे एमआयडीसी आहे, कापडाचे कारखाने आहेत, वीजप्रकल्प आहे. शाळेत खेळ शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि कबड्डीचे पोट्टे आमच्या गावात कधी कमी पडले नाहीत. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यानं संघाला टी-शर्ट दिले. पाठीवर कारखान्याचं नाव गावाच्या नावापेक्षा मोठं. फोटो निघाला, वर्तमानपत्रात आला. पुढच्या हंगामात दूरध्वनी केला तर ओळख द्यावी लागली.

फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२१ च्या नियमांनी असंही म्हटलं, की जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून दिलेलं प्रायोजकत्व यात धरता येणार नाही. शिवाय काम सुरू झाल्याचं वर्ष सोडून पुढं तीन वर्षं ते चालवता येतं.

म्हणून यंदा आम्ही टी-शर्ट मागितलेले नाहीत. एका प्रशिक्षकाचा चार वर्षांचा पगार, मातीचं मैदान दरवर्षी नीट करण्याचा खर्च आणि मुलींना संध्याकाळी घरी पोचवणारा ऑटो, एवढ्याच तीन गोष्टी लिहून अर्ज दिला आहे. चार वर्षांत स्पर्धा किती जिंकाल, असं त्यांनी उलट विचारलंय. ती जागा आम्ही रिकामी ठेवली, आणि पहिल्या वर्षी किती मुलं-मुली रोज मैदानावर येतील तो आकडा भरला आहे: चाळीस.