टपालाचे स्थलांतर आणि दप्तराचे दायित्व



आयुष्याचा बराचसा काळ सर्व्हरच्या थंड खोलीत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसास या परिषदेचे अध्यक्षपद देऊन आपण जो बहुमान केलात, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. अशा प्रसंगी अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या भवितव्याविषयी भव्य भाकिते करावीत, असा प्रघात आहे. परंतु आपणांपैकी अनेकांच्या कचेरीत जो प्रश्न आज निर्णयासाठी मांडलेला आहे, तोच मी विवेचनास घेणार आहे. कंपनीची ईमेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी की क्लाउड सेवेच्या हवाली करावी, आणि हवाली करावयाचीच तर कोणत्या शर्तींवर, हा तो प्रश्न होय.

ज्या व्यवस्थेचा आपण निरोप घेत आहोत, तिच्याविषयी प्रथम न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पुढल्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर बाजारात आला, आणि त्यानंतर सेंडमेल, पोस्टफिक्स वा एक्स्चेंज यांपैकी काही तरी स्वतःच्या छपराखाली चालविणे हे सुव्यवस्थित कंपनीचे लक्षण मानले जाऊ लागले. भरत आलेली डिस्क रिकामी करणे, रात्री बॅकअपची टेप बदलणे, आणि एखाद्या विषाणुबाधित संगणकामुळे कंपनीचा आयपी पत्ता काळ्या यादीत गेला की यादी चालविणाऱ्यांची मनधरणी करणे, या नीरस कामांतूनच लॉगच्या चार ओळी वाचून टपाल नेमके कोठे अडले हे सांगणारी एक अनुभवी पिढी तयार झाली.

तथापि ही व्यवस्था लहान व मध्यम कंपन्यांच्या आवाक्याबाहेर चालली आहे, हे मान्य करणे प्राप्त आहे. मार्च २०२१ मध्ये एक्स्चेंज सर्व्हरमधील चार दोष उघडकीस आले तेव्हा जगभरच्या हजारो कंपन्यांच्या सर्व्हरांत घुसखोर शिरले, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः चालवीत असलेली क्लाउडमधील सेवा मात्र त्या दोषांपासून मुक्त राहिली. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक्स्चेंजच्या २०१६ व २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार संपला. ज्या कचेरीत नेटवर्क, प्रिंटर आणि टपाल ही तिन्ही खाती एकाच माणसाकडे आहेत, त्या कचेरीने जगभरच्या घुसखोरांशी एकाकी झुंज द्यावी, असा आग्रह धरणे अव्यवहार्य ठरेल.

परंतु क्लाउडमध्ये गेलो म्हणजे अभेद्य दुर्गात गेलो, हा समजही तितकाच भ्रामक आहे. २०२३ साली चोरीस गेलेल्या एका स्वाक्षरी-किल्लीच्या बळावर अमेरिकी शासनातील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या क्लाउडमधील टपालपेट्या वाचल्या गेल्या, आणि तो प्रकार प्रथम ध्यानात आला तो तेथील परराष्ट्र खात्याच्या कर्मचाऱ्यांनी जादा शुल्क भरून मिळविलेले लॉग डोळ्यांत तेल घालून तपासले म्हणून. सेवा दुसऱ्याची असली तरी पहारा आपलाच असावा लागतो, याचा याहून स्पष्ट दाखला नको.

प्रत्यक्ष स्थलांतराच्या तंत्रावर मी फार वेळ घेणार नाही. एमएक्स नोंदीची मुदत आधीच कमी करून ठेवणे आणि पेट्या टप्प्याटप्प्याने हलविणे, हे आपण सर्व जाणता. खरी फजिती होते ती विस्मृतीत गेलेल्या प्रेषकांमुळे. पगारपत्रके पाठविणारी प्रणाली, ईआरपी, कोपऱ्यातला स्कॅनर, ही मंडळी वर्षानुवर्षे जुन्या सर्व्हरमार्फत निमूटपणे टपाल पाठवीत असतात. त्यांची मोजदाद न करता जुना सर्व्हर बंद केला, आणि एसपीएफ व डीकेआयएम यांची तजवीज राहून गेली, तर ग्राहकाकडे जाणारे बीजक स्पॅममध्ये पडते आणि तक्रार वसुलीच्या खात्याकडून येते. कर्मचाऱ्यांच्या संगणकांत विखुरलेल्या पीएसटी फायलींत तर कंपनीचा निम्मा इतिहास दडलेला असतो, आणि त्याची कोठेही नोंद नसते.

आता दप्तर कोणाच्या ताब्यात राहते या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि त्यासाठी प्रथम इतिहासातला एक दाखला देतो. १८१८ साली राज्य गेल्यावर पेशव्यांचे दप्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारच्या ताब्यात गेले. नव्या धन्याने ते नष्ट केले नाही, उलट इनामांच्या चौकशीसाठी त्याचा उपयोगही केला. परंतु मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्यात मोकळेपणाने प्रवेश दीर्घकाळ मिळाला नाही, आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले ते १९३० पासूनच्या काही वर्षांत. कागद सुरक्षित असणे आणि ते आपल्याला हवे तेव्हा पाहता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध घातल्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिची टपालसेवा थांबविली, तेव्हा शुल्क पूर्ण भरलेले असूनही आपलाच पत्रव्यवहार आपल्याला बंद झाला, अशी तक्रार घेऊन त्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सेवा काही दिवसांत पूर्ववत झाली. परंतु पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ पासून मायक्रोसॉफ्टची विदा-केंद्रे आहेत, एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांना त्या काही दिवसांनी पुरेसा बोध दिला असेल, अशी माझी अपेक्षा आहे.

दप्तराचे दायित्व आपलेच, हीच कायद्याचीही दृष्टी आहे. सर्ट-इन या शासकीय सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपण्याची आणि सायबर घटनेची वर्दी सहा तासांच्या आत देण्याची जबाबदारी कंपनीवरही आहे, आणि सर्व्हर परक्याचा होता ही सबब तेथे चालत नाही. क्लाउडमधील एक्स्चेंजमध्ये कायमचे पुसलेले पत्र, वेगळी तजवीज केली नसेल तर, केवळ १४ दिवस परत मिळू शकते. एखादा व्यवहार न्यायालयात जातो तो पुष्कळदा त्यानंतर कित्येक वर्षांनी.

म्हणून, बंधू-भगिनींनो, माझा निर्णय स्थलांतराच्या बाजूचा आहे, पण तो सशर्त आहे. कंपनीचे डोमेन कंपनीच्याच नावावर नोंदलेले आहे, एखाद्या विक्रेत्याच्या वा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर नाही, याची खातरजमा करा. सर्व टपालाची एक प्रत त्या सेवेबाहेर, आपल्या ताब्यात ठेवा, आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहा. करारावर सही होण्यापूर्वी त्यातून बाहेर पडण्याचे कलम वाचा, आणि ते नसेल तर मागून घ्या. या तीन गोष्टी लेखी मिळाल्याखेरीज कोणत्याही संचालक मंडळास आपली संमती देऊ नका, एवढीच या व्यासपीठावरून माझी आपणां सर्वांस आग्रहाची विनंती आहे.