दोष कुठे, दंड कुणाला?

बेळगावहून भाजीपाला घेऊन गोव्याकडे निघालेली एक छोटी मालमोटार पहाटे कणकुंबीला चहासाठी थांबली आहे, अशी कल्पना करा. चहा झाला, चालकाने किल्ली फिरविली. स्टार्टर जडपणे घरघरला, पण इंजिन काही सुरू होईना. म्हापशाचा बाजार सकाळचा. मागे करंड्यांतून कोथिंबीर आणि टोमॅटो, डोक्यावर गाडीच्या कर्जाचा हप्ता. बोलावून आणलेल्या मेस्त्रीने आपले यंत्र जोडून दोषाचा संकेतांक वाचला. ‘इंधनाचा दाब अपुरा’ असा त्याचा अर्थ. “पंप गेला, मालक!” असा निकाल त्याने दिला. नवा पंप म्हणजे मालकाच्या कित्येक फेऱ्यांची कमाई. हा निकाल खरा मानावा काय?

डीझेल इंजिन मुळात विजेचे मिंधे नव्हते. रुडॉल्फ डीझेल या अभियंत्याचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले, ते हवा जोराने दाबली असता तापते या साध्या तत्त्वावर. त्या तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेट घेते; ठिणगीची गरज नाही. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ पासून इंधनाचे पंप मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले, तेही सर्वस्वी यांत्रिक होते. त्या काळच्या मेस्त्रीला पाना, तेलकट चिंधी आणि तयार कान एवढे भांडवल पुरत असे.

पुढे चित्र पालटले. ‘कॉमन रेल’ ही पद्धत १९९७ साली प्रवासी मोटारीत आली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. आपल्या देशात एप्रिल २०२० पासून धुराचे ‘बी. एस. सहा’ हे कडक निकष लागू झाल्यावर तर नव्या वाहनांना विजेच्या नियंत्रणावाचून गत्यंतरच उरले नाही. या पद्धतीत पंप एका जाड नळीत इंधन भरतो. तेथील दाब सोळाशे बारपर्यंत, कित्येक इंजिनांत त्याहूनही वर जातो. एक बार म्हणजे स्थूलमानाने वातावरणाचा एक दाब. कोणता इंजेक्टर केव्हा आणि किती सहस्रांश सेकंद उघडावयाचा, हे विद्युत्-नियंत्रक ठरवितो.

परंतु या नियंत्रकाला स्वतःचे डोळे नाहीत. नळीतील दाब, इंजिनाची गती, पाण्याची उष्णता हे सारे त्याला सेन्सरांच्या तारांतून येणाऱ्या व्होल्टांवरूनच समजते. दाबाच्या सेन्सरला सामान्यतः तीन तारा असतात: एकीतून पाच व्होल्टांचा पुरवठा जातो, दुसरी अर्थ, आणि तिसरीतून उत्तर येते. दाब नसताना उत्तर सुमारे अर्धा व्होल्ट, दाब पुरा चढला की साडेचारच्या आसपास. वाटेत एखादा जोड गंजला, तर सेन्सर सच्चा असूनही निरोप खोटा पोहोचतो. म्हणून संकेतांक ही फिर्याद समजावी. फिर्याद ऐकून तपास करावयाचा असतो; फिर्यादीलाच निकाल मानणारा न्यायाधीश कुणाला हवा असेल?

कणकुंबीच्या गाडीचा तपास सुज्ञ मेस्त्री कसा करील? तो प्रथम चालकाला विचारील: गाडी काल धुतली होती काय, पावसात उभी होती काय, हा त्रास आजच की अधूनमधून? मग बॅटरी. बारा व्होल्टांची पुरी भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरत असता हा आकडा साडेनऊच्या खाली घसरू नये. समजा, तो दहावर टिकला. बॅटरी निर्दोष ठरली.

पण बॅटरीपाशी दहा व्होल्ट असले म्हणून नियंत्रकापाशी ते पोहोचतातच असे नाही. बॅटरीची ऋण बाजूची जाड तार चेसिसला जेथे बोल्टने आवळलेली असते, तेथे गंज चढला आणि ओहमाचा केवळ एक शतांश एवढा रोध निर्माण झाला, असे धरा. साध्या मीटरला हा रोध धड मोजताही येत नाही. पण स्टार्टर दोनशे अँपिअर ओढू लागला की त्या एका बोल्टापाशी दोन व्होल्ट गडप होतात! मग स्टार्टरच्या वाट्याला दहांऐवजी आठ व्होल्ट येतात, तो मंद फिरतो, त्याच्याबरोबर पंपही मंद फिरतो. तोच अर्थ वापरणारा नियंत्रकही उपाशी राहतो. नळीतील दाब इंजिन सुरू होण्याइतका चढत नाही, आणि ‘दाब अपुरा’ ही नोंद होते. नोंद अगदी खरी. पंप मात्र निरपराध.

हा चोर प्रवाह वाहत असतानाच सापडतो. स्टार्टर बंद असता गंजलेल्या जोडातूनही मीटर पुरे व्होल्ट दाखवितो, कारण मीटर स्वतः प्रवाह जवळजवळ घेतच नाही. म्हणून मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवावी आणि स्टार्टर मारावयास सांगावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले तर वाटेत कुठेतरी गळती आहे. मग एकेक जोड ओलांडीत ती जागा गाठावी.

एकाच वेळी तीनचार सेन्सरांच्या तक्रारी आल्या, तर सर्वांनी एकदम आजारी पडण्याचा संभव थोडाच. त्यांचा पाच व्होल्टांचा पुरवठा पुष्कळदा सामाईक असतो. एकाने तो जमिनीला मिळविला की सारेच मुके होतात. एकेकाचा प्लग काढीत जावे. ज्याच्या काढण्याने पाच व्होल्ट परत येतात, तो किंवा त्याची तार दोषी.

जुन्या सवयींपैकी एक मात्र आता प्राणघातक आहे. पूर्वी चालत्या इंजिनाच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करीत व कोणता सिलिंडर काम करीत नाही ते ओळखीत. आज तसे केल्यास इंधनाची धार कातडी भेदून हाडापर्यंत जाईल. इंजेक्टरांच्या तारांतही पासष्ट व्होल्ट किंवा अधिक असतात. चालत्या इंजिनात त्यांना हात लावू नये. तारेचे वेष्टण टाचणीने टोचून व्होल्ट पाहणेही वाईट. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत त्या छिद्रातून पाणी शिरते, तांबे हिरवे पडते आणि आजची तपासणी उद्याचा दोष होऊन बसते.

आता पुन्हा कणकुंबी. बोल्ट काढला, पॉलिश-कागदाने घासला, आवळला; इंजिन सुरू झाले. घासायला पाच मिनिटे लागली, शोधायला पाऊण तास. आणि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. त्या पाऊण तासाचे मोल मालक देईल काय? “नुसता बोल्ट तर घासला!” असे म्हणून तो हातावर चहापाण्याचे पैसे ठेवील, तर पुढच्या खेपेस तोच मेस्त्री मुकाट्याने पंप बदलील, कारण वस्तूचे पैसे मिळतात, विचाराचे मिळत नाहीत, हा धडा आपल्या गिऱ्हाइकानेच त्याला दिलेला असेल. ज्या मालकाला निरपराध पंपाचा दंड भरावयाचा नसेल, त्याने दोष शोधणाऱ्याची मजुरी आनंदाने चुकती करावी. त्या सकाळी कोथिंबीर हिरवी असतानाच म्हापशाला पोहोचते, ती त्या पाऊण तासामुळेच.