ओठांपलीकडचे बोलणे

पडद्यावरचे चित्र बोलू लागले की आपली नजर प्रथम त्याच्या ओठांकडे जाते. परंतु ते खरोखरच बोलत आहे, हे मनाला पटवून देणारे ओठ नव्हेत. ते काम मान, खांदे, हात आणि डोळे यांचे आहे.

ओठांचे शास्त्र तसे सरळ आहे. प, ब, म हे आपले ओष्ठ्य वर्ण. ते येताच ओठ मिटले पाहिजेत. ‘आ’ला तोंड उघडावे, ‘ऊ’ला ओठांचा चंबू व्हावा. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणून आवाज आधी मुद्रित करतात, कोणता वर्ण कितव्या चित्रावर पडतो याचा तक्ता मांडतात आणि त्याबरहुकूम तोंडे काढतात. आज संगणकही आवाजावरून ओठ हलवू शकतो. नवशिका चित्रकार फसतो तो येथेच. ओठ जुळले म्हणजे पात्र जिवंत झाले, असे त्याला वाटते.

वर्गातील एक मुलगा म्हणतो, ‘समजलं, सर.’ दुसराही तेच म्हणतो. दोघांचेही ओठ ‘म’पाशी मिटतात. पण पहिल्याची मान ताठ आहे आणि दुसऱ्याची नजर जमिनीला खिळली आहे. कोणाला समजले नाही, हे का सांगावयास हवे? जाणता चित्रकार म्हणूनच आवाज पुनःपुन्हा ऐकतो, जोर कोणत्या शब्दावर आहे ते हेरतो आणि आरशासमोर स्वतः अभिनय करून पाहतो. मनातील भाव अंगात आधी उमटतो, शब्द मागून येतो. तोच क्रम तो चित्रात राखतो. शब्दागणिक हातवारे केले, तर पात्र संमेलनात घोकलेले भाषण म्हणणाऱ्या मुलासारखे दिसते. एका वाक्याला एक नेमका हावभाव पुष्कळ होतो.

वॉल्ट डिस्ने यांच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’मधील डोपी हा बुटका एक शब्दही बोलत नाही, तरी त्याचे मन लहान मुलालाही कळते. त्याच चित्रपटात निपचित पडलेल्या स्नो व्हाइटभोवती बुटके शोक करतात. फ्रँक थॉमस यांनी चितारलेल्या त्या प्रसंगात संवाद नाही; तरीही प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. आपल्याकडे यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावाचे तोंड नुसते उघडते नि मिटते. पण मान व डोळे फिरू लागताच हा बाहुला आहे, याचा विसर पडतो. इंग्रजी संवादांसाठी काढलेल्या ओठांवर हिंदी शब्द बसवलेली व्यंगचित्रे आपली मुले आवडीने पाहतात, त्याचेही मर्म हेच.

हे काम शिकू पाहणाऱ्या तरुणांनी एक कसोटी लावावी. आवाज बंद करावा, पात्राचे तोंड हाताने झाकावे आणि चित्र पाहावे. त्याचा राग, त्याची लाज, त्याचा खोटेपणा कळला, तरच ओठ काढावयास बसावे. कळला नाही, तर उत्तम जुळलेले ओठही त्या पात्राला बोलते करू शकणार नाहीत.