एका महिन्यासाठी नेमलेली समिती

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फ्रेंच राज्यक्रांतीवर बोला, असे समितीने आम्हास सांगितले त्याला कारण आहे. अभ्यासवर्गाच्या मुलांनी संविधानाची उद्देशिका पाठ केली आणि विचारले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रान्सहून आले काय? याचे उत्तर बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात देऊन ठेवले आहे. हे तत्त्व आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मुलांना एवढे पुरे. पण आम्हा मोठ्या माणसांपुढे दुसराच प्रश्न उरतो. १७९३ साली पॅरिसच्या घरांच्या भिंतींवर हे तीन शब्द रंगविले गेले, तेव्हा त्यांच्यापुढे 'अथवा मृत्यू' असेही जोडले गेले. हे जोडणारे लोक कोण, आणि त्यांच्या हाती सत्ता आली तरी कशी?

ते जॅकोबिन. पॅरिसमध्ये सेंट-ऑनोरे रस्त्यावर डोमिनिकन पंथाच्या साधूंचा एक मठ होता. तेथील साधूंना लोक जॅकोबिन म्हणत. त्या मठाच्या जागेत या मंडळींची सभा भरे, म्हणून नाव चिकटले ते साधूंचेच! गंमत बघा. हे लोक प्रथम वर्गणी भरणारे वकील, पत्रकार, सुखवस्तू गृहस्थ होते. पण गावोगावी त्यांच्या शेकडो शाखा निघाल्या. पॅरिसमध्ये काय ठरले ते पत्राने शाखेला कळायचे, शाखेचे गाऱ्हाणे पॅरिसला जायचे. इतर गटांपाशी चांगले वक्ते होते, यांच्यापाशी संघटना होती.

तरीही सप्टेंबर १७९२ मध्ये राष्ट्रीय कन्व्हेन्शन भरले तेव्हा साडेसातशेच्या आसपास प्रतिनिधींमध्ये यांचे बहुमत नव्हते. उंच बाकांवर बसत म्हणून यांना 'पर्वत' म्हणत. समोर जिरोंदिस्त गट, आणि मध्ये खाली बसणारे, कोणत्याच गटाचे नसलेले असंख्य लोक, त्यांना 'मैदान' म्हणत. बहुमत होते ते या मैदानाचे. मग मैदान पर्वताच्या मागे का गेले? भीतीने, असे सरळ उत्तर देता येते, पण ते अर्धेच खरे.

१७९३ चा वसंत डोळ्यांसमोर आणा. २१ जानेवारीला राजाचा शिरच्छेद झालेला. युरोपातील बहुतेक राजे फ्रान्सविरुद्ध उभे. तीन लाखांची सैन्यभरती काढली तर पश्चिमेकडील वांदे प्रांतातल्या शेतकऱ्यांनी बंड केले. सेनापती द्युमुरिए एप्रिलच्या सुरुवातीला शत्रूला जाऊन मिळाला. कागदी चलन घसरत चाललेले, पावासाठी रांगा. संकट खोटे नव्हते हो! या काळात १० मार्चला क्रांतिकारी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि ६ एप्रिलला लोकसुरक्षा समिती. समितीची मुदत किती? एक महिना. दर महिन्याला सभेने मुदत वाढवायची. मैदानवाल्यांनी हात वर केले ते या एका महिन्यासाठी, आणि मग पुढच्या एका महिन्यासाठी.

आता पावाची गोष्ट, कारण खरी किल्ली तेथे आहे. फेब्रुवारी १७९३ मध्ये पॅरिसच्या बायकांनी साखर, साबण, कॉफीसाठी दुकाने फोडली, तेव्हा रोबेस्पिअरने त्यांना जवळ केले नाही. क्षुल्लक किराण्यासाठी लोकांनी उठावे काय, असा त्याचा सूर होता. गरिबांची बाजू घेणारा तेव्हा झाक रू नावाचा एक धर्मगुरू होता. भाव बांधा, साठेबाजांना धरा, असे तो ओरडून सांगत होता. पण जिरोंदिस्तांना हटवायचे तर पॅरिसच्या वस्त्यांतील माणूस हवा. मे महिन्यात पर्वताने धान्याचा भाव बांधण्यास संमती दिली. २ जूनला वस्त्यांतील हजारो सशस्त्र लोकांनी तोफांसह सभागृहाला वेढा घातला. प्रतिनिधी बाहेर पडू लागले तर त्यांना परत आत लोटले. त्या दिवशी २९ निवडून आलेले प्रतिनिधी अटकेत गेले. सप्टेंबरअखेर सर्व गरजेच्या वस्तूंचे भाव बांधले गेले. आणि झाक रू? त्याच सप्टेंबरात तो तुरुंगात पडला आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये तेथेच त्याने जीव दिला. त्याची मागणी घेतली, त्याला मात्र ठेवले कोठडीत. ज्या क्रांतिकारी स्त्रियांनी रस्त्यावर साथ दिली, त्यांच्या मंडळांवर ऑक्टोबरात बंदी आली.

या लोकांनी काहीच भले केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ४ फेब्रुवारी १७९४ ला याच कन्व्हेन्शनने फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. गुलामांनी स्वतः बंड करून भाग पाडले हे खरे, पण कायदा झाला. नेपोलियनने १८०२ मध्ये तो फिरविला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी विटाळ सोसला, त्यांनी ही नोंद विसरू नये.

पण समितीचा हात थांबेना. १७ सप्टेंबर १७९३ च्या संशयितांच्या कायद्याने, अपराध केला म्हणून नव्हे तर बोलणे-वागणे संशयास्पद दिसले तरी पकडता येऊ लागले. प्रथम राजाचे लोक, मग जिरोंदिस्त, मार्च १७९४ मध्ये डावीकडचा एबेर, ५ एप्रिलला मित्र डांटन. हा डांटन तर न्यायाधिकरण स्थापन करण्यात पुढे होता, पहिल्या समितीतही होता. वर्षभराने त्याच न्यायाधिकरणात तो आपली बाजू मांडू लागला, तेव्हा कन्व्हेन्शनने घाईने ठराव करून त्याचे तोंड बंद केले. आणि रोबेस्पिअर, ज्याला लोक 'निर्लोभी' म्हणत, तो मे १७९१ मध्ये फाशीची शिक्षाच नको म्हणून भाषण करणारा माणूस! तो ढोंगी होता असे आम्हास वाटत नाही. तो सुताराच्या घरी भाड्याने राहिला, पैसा केला नाही. आपण शुद्ध आहोत ही खात्री मात्र त्याला फार होती. आमच्या सभांतही मतभेद झाला की 'गद्दार' शब्द चटकन तोंडी येतो. आम्हीही तो वापरला आहे, म्हणून बोलतो.

सर्वांत विचार करण्यासारखा काळ शेवटचा. १० जून १७९४ च्या कायद्याने आरोपीचा वकील गेला, साक्षीदारांची गरज राहिली नाही, निकाल दोनच उरले, सुटका किंवा मृत्यू. २६ जूनला फ्ल्यूरसच्या लढाईत फ्रेंच सैन्य जिंकले. परकीय संकट टळले, म्हणजे समितीचे कामच संपले, नाही का? पण याच सात आठवड्यांत पॅरिसमध्ये सुमारे १४०० माणसे गिलोटिनखाली गेली, आधीच्या पंधरा महिन्यांत गेली त्याहून अधिक. संकटातून जन्मलेली सत्ता संकट संपल्यावर घरी जात नाही. ती नवा शत्रू शोधते, आणि मग शेजारी बसणाऱ्यालाही झोप लागत नाही. रोबेस्पिअरला पाडणाऱ्यांत त्याच्याच पर्वताचे लोक होते.

२३ जुलैला पॅरिसमध्ये मजुरीचे नवे दर लागले. अनेकांची मजुरी घटली. चारच दिवसांनी, २७ जुलैला, रोबेस्पिअरसाठी नगरभवनापुढे माणसे जमली खरी, पण रात्री वाट पाहून घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्याच्यासह २२ जणांचा शिरच्छेद झाला, खटल्याशिवाय.

एक गोष्ट सांगायची राहिली. जून १७९३ मध्ये या कन्व्हेन्शनने एक संविधान मंजूर केले होते. सर्व प्रौढ पुरुषांना मत, शिक्षण, गरजूंना साहाय्य, सारे त्यात होते. ऑक्टोबरात ठरले, की शांतता होईपर्यंत ते लागू करायचे नाही. देवदाराच्या पेटीत घालून ते सभागृहात ठेवले. मे १७९५ मध्ये उपाशी पॅरिसकर सभागृहात घुसले, तेव्हा त्यांच्या टोप्यांवर लिहिले होते, पाव आणि १७९३ चे संविधान. पण तोवर जॅकोबिन क्लबला कुलूप लागले होते आणि वस्त्यांतील जुने पुढारी मारले गेले होते. सैन्य आले, वस्त्यांतील लोकांची शस्त्रे काढून घेतली गेली. त्याच वर्षी दुसरे संविधान आले. त्यात मताला मालमत्तेची अट होती.