मुलीची एटीकेटी
(पिंपरी-चिंचवड परिसरातल्या वस्तीगटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



'पालकांचा सहभाग आणि कॉलेजातल्या मुलींचा आत्मविश्वास' असा आजचा विषय पत्रिकेत छापलाय. ऐकायला जड आहे. मी तो एका शब्दात मांडते : एटीकेटी. आपल्या भागात हा शब्द आता अंगठा उठवणाऱ्या आईलाही माहीत असतो. काही विषय राहिले तरी विद्यापीठ पुढच्या वर्गात बसू देतं, राहिलेले नंतर सोडवायचे. म्हणजे विद्यापीठानं चुकायची सोय ठेवलीय. घरानं ठेवलीय का?

मुलाचे दोन विषय राहिले की बाप चार शब्द सुनावतो, आई म्हणते 'निघतील पुढच्या वेळी', आणि क्लासची फी भरली जाते. मुलीचे दोन विषय राहिले की आत्या-मामा घरी येऊन बसतात. स्थळाची गोष्ट निघते. 'झेपत नसेल तर कशाला ओढायचं?' म्हणतात. पोराला हे कुणी म्हणत नाही. त्याला झेपतं हे आधीच ठरलेलं असतं.

मग मुलगी हिशेब करते. गणित घेतलं आणि राहिलं तर शिक्षण बंद. सोपा विषय घेतला तर तीन वर्षं तरी मिळतील. ती सोपा विषय घेते आणि आपण म्हणतो, पोरींना गणिताची भीती वाटते. अहो, भीती गणिताची नाही, गणितानंतरच्या बैठकीची आहे.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः अवघड काम करून पाहिल्यानं. आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते जमलेलं पाहून येतो. कुणी धीर दिल्यानंही येतो, पण तो कच्चा, एका अपयशानं उडून जाणारा. टिकतो तो विश्वास अडखळून पुन्हा उठलेल्या माणसाचा. म्हणजे 'तू हुशार आहेस गं' असं शंभरदा म्हणा आणि पहिल्याच ठेचेला घरी बसवा, तर ते शंभर वेळचं म्हणणं फुकट.

आपल्याकडचे आईबाप लक्ष देत नाहीत, असं मी म्हणणार नाही. देतात, फार देतात. पण कशावर? कॉलेज किती वाजता सुटलं, मोबाईलवर कोण होतं, ओढणी कशी घेतली. चाकणच्या चौकात वाहनं तुंबली की बस तासभर हलत नाही, हे तिथल्या कंपनीत जाणाऱ्या बापाला रोज भोगावं लागतं. त्याच रस्त्यानं मुलीला उशीर झाला की मात्र उलटतपासणी. कॉलेजकडून हजेरीचा निरोप येतो तोही बापाच्या मोबाईलवर. या सगळ्याला आपण 'सहभाग' म्हणतो. मी याला पहारा म्हणते. पहाऱ्यातल्या मुलीला एकच कळतं, की आपल्यावर विश्वास नाही. घराचाच नाही, तर तिचा स्वतःवर कुठून बसावा?

आणि घर तरी केवढं! भोसरीतल्या, चिखलीतल्या एका खोलीत बाप तिसरी पाळी करून आलेला. दिवसभर तो झोपणार, म्हणून आवाज नको, दिवा नको. संध्याकाळी तो उठतो तेव्हा भाकरीची वेळ झालेली असते. भाऊ पुस्तक घेऊन मित्राकडे जातो. ही ओट्याशी. परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडतं तेव्हा तिला वाटतं, आपल्याला येतच नाही. खरं तर अभ्यासाला तासच मिळालेले नसतात.

फीचा अडसर सरकारनं काही प्रमाणात काढलाय. जुलै २०२४ मध्ये राज्यात निर्णय झाला, की आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. चांगलं झालं. आपल्या गटांनी घरोघर सांगायला हवं, कारण पुष्कळांना ठाऊकच नाही. पण शासन निर्णयात ओट्याचा उल्लेख नसतो.

बाहेरचे दरवाजे आपल्या डोळ्यांदेखत उघडले. १९७४ साली टेल्कोनं इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली, तीत बायकांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं, त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावलं आणि नोकरी दिली. त्याच पुढे सुधा मूर्ती. पण लक्षात घ्या, कार्ड लिहायला हात उचलला गेला तोवर त्या इंजिनिअर होऊन पुढचं शिकत होत्या. घरून कुणी तरी तिथवर जाऊ दिलं होतं.

'आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?' असं आया म्हणतात. शिकवू नका. 'आज काय समजलं नाही?' एवढं विचारा. किती मार्क, हे नाही. काय समजलं नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या घरात न समजणं गुन्हा राहत नाही. आणि परीक्षेच्या पंधरवड्यात भाकरीची पाळी मुलाकडे द्या. कंपनीत पाळ्या बदलतात, घरात का नाही?

आता कामाचं. पुढच्या सत्राचे फॉर्म भरण्याआधी प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतल्या एटीकेटी असलेल्या मुलींची यादी करावी. त्यांच्या घरी दोघींनी जावं. एक आपली कार्यकर्ती, आणि दुसरी अशी मुलगी की जिचे विषय एकदा राहिले होते आणि नंतर निघाले. भाषण करायचं नाही, तिलाच बोलू द्यायचं. समाजमंदिर संध्याकाळी सात ते दहा अभ्यासाला मोकळं मिळतं का, हे नगरसेवकाला विचारायला कोण कोण जाणार, ते चहाच्या आधी ठरवून टाकू.