तेल लावून थांबू नका

(मिशन रविवारच्या सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी मी आपल्यापुढे बालवाडीचा, शिवणवर्गाचा आणि वसतिगृहाचा अहवाल घेऊन उभी राहते. आज मला मानेविषयी आणि खांद्याविषयी बोलायचे आहे. हसू नका. आत्ता या सभेत कितीजण आपली मान चोळत बसले आहेत, ते मला इथून दिसते आहे!

पेठ आणि सुरगाणा हे आपल्या नाशिक जिल्ह्यातले डोंगरी तालुके. पावसाळ्यात धो धो पाऊस, पण मार्च सरला की विहिरींचा तळ दिसू लागतो. मग बाया हंडे घेऊन दरी उतरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरचा हंडा आणि त्यावर कळशी, म्हणजे वीसेक किलोचा भार चुंबळीवर घेऊन त्या चढ चढतात, आणि अशा दिवसाला तीन-चार खेपा होतात. शिवाय लाकडाची मोळी आहेच. पावसाळ्यात आवणीसाठी दिवसभर चिखलात वाकायचे. पुढे यातलीच पुष्कळ कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तिथे वेलीचा मांडव डोक्याच्या वर. विरळणी करताना हात वर, मान मागे आणि नजर घडावर, ती सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. आपल्या ताटात येणारा टपोरा घड कोणाच्या तरी खांद्याने सोसलेला असतो, हे मला तिथे जाऊन कळले.

काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळीतल्या एक फिजिओथेरपिस्ट भगिनी दोन दिवस आमच्या केंद्रावर राहिल्या. त्यांनी आम्हां कार्यकर्त्यांना शिकवले. कवटीच्या मागच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत एक मोठा स्नायू पसरलेला असतो. ओझे आणि वर धरलेले हात यांचा पुष्कळ ताण त्याच्यावर येतो. तो आखडला की गाठीसारखा कडक लागतो आणि कधी कधी डोकेही दुखते.

त्यांनी दाखवलेली पद्धत साधी आहे. बाईला पाठ टेकवून, नाहीतर टेबलावर डोके ठेवून, आरामात बसवायचे. आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पाच-दहा मिनिटे शेकायचे. मग खुरासणीचे किंवा खोबऱ्याचे कोमट तेल हाताला लावून मानेपासून खांद्याकडे तळहाताने सावकाश दाबत न्यायचे. गाठ लागेल तिथे अंगठ्याने सोसवेल इतकाच दाब द्यायचा आणि थोडा वेळ धरून ठेवायचा. मणक्याच्या हाडावर दाबायचे नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला हात लावायचा नाही. आणि मान कडकन मोडायची तर मुळीच नाही. कटिंगच्या दुकानात पुष्कळजण हौसेने मान मोडून घेतात. बहुतेकांना काही होत नाही. पण क्वचित मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटते आणि माणसाला पक्षाघात होतो. क्षणभराच्या आरामासाठी एवढी मोठी जोखीम कशाला घ्यायची?

त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. चोळण्याने बरे वाटते ते थोड्या काळापुरते. आराम टिकवायचा असेल तर व्यायाम हवा. खांदे मागे फिरवणे, पाठीच्या दोन्ही फऱ्या एकमेकींकडे ओढून धरणे, हनुवटी हलकेच मागे घेणे. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दररोज. आमच्या बाया बालवाडीच्या ओट्यावर हे व्यायाम करू लागल्या तेव्हा पोरे त्यांना पाहून खिदळायची. आता तीच पोरे त्यांच्याबरोबर करतात.

दर मंगळवारी हे काम सुरू झाले. खरे सांगते, मला त्यात फार आनंद वाटू लागला. ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोम्याने मला उपदेश कसा करावा ते शिकवले होते. पण जन्मभर इतरांची ओझी वाहणाऱ्या बाईच्या खांद्यावर कोणी प्रेमाने हात ठेवला, की ती न विचारता मन मोकळे करते, हे मला त्या ओट्यावर कळले.

आता मी माझ्या चुकीकडे येते. ती सांगण्यासाठीच मी आज हा विषय घेतला आहे.

त्या मंगळवारी येणाऱ्यांत तिशीतली एक बाई होती. मान दुखते म्हणून यायची. मी तेल लावायची, शेक द्यायची, प्रार्थना करायची. ती म्हणायची, “ताई, तुझा हात लागला की बरं वाटतं.” मला ते शब्द आवडायचे. रात्री दुखण्याने जाग येते, असे ती एकदा बोलली होती. मी म्हटले, दिवसभराचा शीण असेल. तिच्या बांगड्या सैल झालेल्या मला दिसत होत्या. संध्याकाळी अंग कोमट लागायचे. सहा आठवडे मी तेच तेल, तोच शेक देत राहिले. सातव्या मंगळवारी तिच्या हातून चहाचा कप निसटला. तिने उचलायला हात पुढे केला, तर बोटे वळेनात.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी नाशिकला गेले. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. मानेच्या मणक्याचा क्षयरोग निघाला. डॉक्टरांनी विचारले, “किती दिवसांपासून दुखतंय?” उत्तर मलाच द्यायचे होते. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

देवाच्या कृपेने ती आज आपल्या पायांवर चालते. गळ्याला पट्टा बांधून तिने वर्षाहून अधिक काळ गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवता. तिच्या हाताची पकड परत आली. मात्र दोन बोटे अजून बधिर आहेत. ती मला दोष देत नाही. पण प्रार्थनेला हात जोडते तेव्हा मला तिची ती दोन बोटे दिसतात. प्रार्थना होती, तेल होते, माया होती. कमी पडला तो एकच प्रश्न: “रात्री का दुखतं?”

म्हणून आता आमच्या ओट्यावर तेलाच्या बाटलीआधी प्रश्न येतात. रात्री झोपमोड होते का? ताप येतो का, वजन घटते का? हाताला मुंग्या, बधिरपणा, कमजोरी आहे का? चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा सुटतो का? पडून मार लागला होता का? यांतल्या एकालाही “हो” आले, तर तेल लावायचे नाही, दवाखान्यात न्यायचे. खांदा आणि डावा हात दुखताना छाती दाटून घाम सुटला, तर एक मिनिटही थांबायचे नाही. सिकलसेल असलेल्या लेकराचे अंग असह्य ठणकू लागले, तर त्यालाही चोळत बसायचे नाही. आणि तापल्या सळईचा डाग तर कोणालाही, कधीही नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. मीही त्यावर अनेकदा बोलले आहे, आणि दर वेळी जखमांवर ओतलेल्या तेलापाशी थांबले आहे. आता लक्षात येते की तो स्वतः तिथे थांबला नव्हता. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्र त्याच्यापाशी काढली, सकाळी पैसे मोजून दिले आणि आणखी लागले तर परत येताना देईन असे सांगितले. तेल लावणे हा त्याच्या दयेचा आरंभ होता. मी आरंभालाच शेवट समजले.

बंधुभगिनींनो, क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा 1,000 रुपयेही मिळतात. अडते ते त्याआधी. पाड्यावरून गाडीपर्यंत कोण नेणार? बुडालेल्या मजुरीचे काय? रांगेत सोबत कोण बसणार? घरच्या लेकरांना कोण सांभाळणार?

आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी प्रवासनिधीला हातभार लावावा. ज्यांना वेळ आहे त्यांनी महिन्यातून एक दिवस नाशिकच्या दवाखान्यात आमच्या रुग्णासोबत बसावे. मंडळीत कोणी फिजिओथेरपिस्ट, नर्स असतील, तर वर्षातून दोन दिवस आमच्या ओट्यावर यावे. आणि जमिनीवरून लोटत आणायचे पाण्याचे ड्रम काही पाड्यांना देता आले, तर मानेवरचे ओझे मुळातच कमी होईल. ते कोणत्याही मालिशपेक्षा मोठे काम ठरेल.

घरी गेल्यावर आपल्या आईची, सुनेची, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची मान दुखत असेल, तर जरूर तेल लावा. पण आधी विचारा. आणि गरज असेल तर त्यांच्याबरोबर पुढे चला.

प्रभू आपल्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.