नर्सबाईंचे शिक्षण ही कुणाची जबाबदारी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या प्रश्नावर आपण मोर्चा काढतो तेव्हा आपल्या मागण्या ठरलेल्या असतात : डॉक्टरांची रिक्त पदे भरा, औषधे पुरवा, रुग्णवाहिका द्या. या मागण्या रास्तच आहेत. परंतु खेड्यातील बाळंतिणीचा जीव ज्यांच्या हातांवर अवलंबून असतो, त्या उपकेंद्रातील नर्सबाईंना नोकरीत आल्यानंतर काय शिकवले जाते, कुठे शिकवले जाते आणि कुणाच्या खर्चाने, हा प्रश्न आपल्या निवेदनांत क्वचितच आढळतो. आज मी या एकाच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

सरकारदरबारी त्यांचे नाव सहायक परिचारिका-प्रसाविका. सपाटीवर ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण कागदोपत्री ठरलेले आहे. पदनामात ‘प्रसाविका’ हा शब्द आहे खरा. पण शासनानेच तो हळूहळू पुसट केला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कार्यकर्त्यांची कल्पना मांडली. १९७७ मध्ये नर्सबाईंचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आणला गेला. तो पुन्हा दोन वर्षांचा व्हायला पुष्कळ काळ जावा लागला. आणीबाणीत त्यांच्या गळ्यात नसबंदीच्या उद्दिष्टांचे लोढणे आले. पुढे लसीकरण, सर्वेक्षणे आणि नोंदींची भर पडत गेली. प्रत्येक काम आवश्यक असेल. पण त्या ओझ्याखाली बाळंतपणाची विद्या दबत गेली.

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे मोठ्या प्रमाणावर रुग्णालयांकडे वळली. हे स्वागतार्हच आहे. २०१८-२० च्या सरकारी पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात ९७, तर महाराष्ट्रात ३३ होते. तेव्हा काही जण विचारतात : आता उपकेंद्रावरील नर्सबाईंना प्रसूतिशास्त्र शिकवण्याची गरजच काय? या प्रश्नाचे उत्तर धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात पावसाळ्यात मिळते. नाल्याला पूर आला की रस्ता तुटतो. कळा मात्र थांबत नाहीत. अशा रात्री ज्यांच्या दारात बाळंतीण येते, त्या नर्सबाईंनी कदाचित कित्येक महिन्यांत एकही बाळंतपण हाताळलेले नसते. म्हणजे बाळंतपणे रुग्णालयात गेल्यामुळे त्यांच्या शिक्षणाची गरज कमी झाली नाही, उलट वाढली. वार पडल्यावर गर्भाशय आवळले की नाही, हे हाताला कळावे लागते. श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच पिशवी-मुखवट्याने श्वास द्यावा लागतो. ही विद्या वहीत राहत नाही, हातात राहते; आणि सराव सुटला की हातातून जाते.

शिवाय शास्त्रही थांबलेले नाही. बाळ जन्मताच नाळ कापावी, असे पूर्वी शिकवत. आता निदान एक मिनिट थांबावे, असे सांगितले जाते. गरोदरपणातील झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे अधिक गुणकारी असल्याचे १९९५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले, आणि पुढे त्याची पहिली मात्रा देण्याची मुभा आपल्याकडे नर्सबाईंनाही मिळाली. रक्त किती गेले याचा डोळ्यांनी बांधलेला अंदाज फसवा ठरतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील ८० रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे खुणा केलेल्या पिशवीत रक्त मोजले गेले आणि सर्व उपचार एकदम सुरू केले गेले. तेव्हा तीव्र रक्तस्राव, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. लक्षात घ्या, यात एकही नवे औषध नव्हते. जुनीच साधने होती. ती वेळेवर आणि एकत्र वापरायला शिकलेले हात होते.

मग आपल्याकडे व्यवस्था काय आहे? दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी १५० तासांचे शिक्षण, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तत्त्व उत्तम आहे. पण शहरातील सभागृहात बसून व्याख्यान ऐकले, प्रमाणपत्रावर शिक्का घेतला, एवढ्याने तास भरतात. हात शिकत नाहीत. मागे उपकेंद्राला कुलूप लागते. ज्या नर्सबाई कंत्राटावर आहेत, त्यांना तर नोकरीचीच शाश्वती नाही. त्यांनी पुढच्या दहा वर्षांच्या विद्येचा विचार कोणत्या भरवशावर करावा?

शिक्षण आणि सेवेची शाश्वती ही एकाच मागणीची दोन अंगे आहेत, हे ब्रिटनने १९३६ सालीच ओळखले होते. त्या वर्षीच्या सुईण कायद्याने सार्वजनिक पगारी सेवा उभी केली आणि उजळणी वर्गांनाही कायद्याचा आधार दिला. आपल्या गडचिरोलीचा धडा आणखी जवळचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. त्या स्त्रिया एकदा शिकल्या आणि सोडून दिल्या, असे झाले नाही. शिकवणारे माणूस वारंवार त्यांच्या गावी जात राहिले.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रशिक्षणाचे दिवस कामाचेच दिवस मानावेत. पूर्ण पगार आणि प्रवासखर्च मिळावा. त्या काळात उपकेंद्रावर बदली नर्स असावी. दरवर्षी काही आठवडे ग्रामीण वा जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात प्रत्यक्ष काम मिळावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, नर्सबाई व रुग्णवाहिकेचा चालक यांचा एकत्रित सराव व्हावा. आणि वर चढायला शिडी हवी. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी दीड वर्षाचा विशेष प्रसाविका अभ्यासक्रम आणला, पण तो पदविकाधारक व पदवीधर परिचारिकांसाठी आहे. गरीब घरातून आलेल्या, खेड्यात आयुष्य घालवणाऱ्या नर्सबाईंना तेथवर पोचण्याची वाट कुणी दाखवायची? संसदेने २०२३ मध्ये १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. या नव्या कायद्याचा अर्थ आपण याच प्रश्नावर तपासला पाहिजे.

शेवटी एक विनंती. गावात बाळंतीण दगावली की ‘नर्सला निलंबित करा’ ही घोषणा पहिल्यांदा उठते, आणि प्रशासनही ती आनंदाने मान्य करते. कारण एक स्त्री निलंबित केली की सारी यंत्रणा निर्दोष सुटते. कामचुकारपणाची चौकशी जरूर व्हावी. परंतु त्या घोषणेत सामील होण्यापूर्वी जिल्हा परिषदेला तीन प्रश्न विचारा. या बाईंना शेवटचे प्रशिक्षण कधी दिले होते? त्यांनी प्रसूतिकक्षात शेवटचे काम कधी केले? त्या रात्री औषध आणि पिशवी-मुखवटा उपकेंद्रात होते काय? ही उत्तरे लेखी मागा, आणि ती मागताना नर्सबाईंच्या संघटनेला सोबत घ्या. बाळंतिणीचा हक्क आणि नर्सबाईंचा हक्क यांत विरोध नाही. तो आहे असे भासवणाऱ्यांशीच आपला झगडा आहे.